फाटकावरचा पहारा

१२ सप्टेंबर

आले एकदाची. चर्चची किल्ली इतकी मोठी की पर्समध्ये मावेना. शेवटी पिशवीत ओटच्या पिठावर आडवी ठेवून आणली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी राहायला चर्च विकत घेतलंय हे सांगितलं तेव्हा बहीण फोनवर हसत सुटली. मग म्हणाली, इशबेल, तू रविवारी तरी कधी चर्चला गेलीस का गं? म्हटलं, आता रोजच जाणार आहे.

छपराला चार भोकं आहेत आणि त्यांतून सहा कबुतरं ये-जा करतात. बाकं आधीच कुणीतरी विकून टाकलीत. व्यासपीठ तेवढं जिन्यासकट शाबूत आहे. सगळीकडे ओल्या पुस्तकांचा वास. पाद्र्याच्या खोलीत चूल आहे, तिथेच सध्या माझं अंथरूण आणि स्वयंपाकघर. बाकी चर्चकडे बघून लोक घाबरतात, मी नाही. तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांचं जेवण रांधलंय, मोठ्या जागेचं मला काय.

चर्च माझं, भोवतालचं कबरस्तान काउन्सिलचं. रस्त्यावरच्या फाटकातून माझ्या दाराशी यायची वाट कबरींमधूनच येते. शेजारी अगदी शांत आहेत, असं चर्च विकणारा माणूस म्हणाला. हा विनोद तो प्रत्येक गिऱ्हाइकाला करत असणार.

टॉर्मोदला व्यासपीठावर ठेवलाय. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या राखेचा डबा. हे गाव त्याचं. सोळाव्या वर्षी इथून निघाला आणि आमच्याकडे क्लाइड नदीच्या काठी जहाजं बांधायच्या कारखान्यात लागला. एकतीस वर्षं त्याच फाटकावर रात्रीचा पहारेकरी. जग झोपलं की हा जेवणाचा डबा घेऊन निघायचा. मेल्यावर तरी झोपू दे मला, हा त्याचा ठरलेला विनोद होता. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांनी दगा दिला. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, राख गावी ने, पण खाडीत सोड. कबरस्तानात नको. का, ते विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडला.

बघू. आज तरी तो वरून माझ्याकडे बघतोय आणि मी ओटची लापशी ढवळतेय. बरं वाटतंय.

१५ सप्टेंबर

छप्परवाला आला. फाटकाशी थांबला, टोपी काढली, काहीतरी पुटपुटला आणि मग आत शिरला. पोस्टमनचंही तेच. मासळीची गाडी घेऊन येणारी बाईसुद्धा फाटकाशी मान लववते. काय शालीन माणसं आहेत. आमच्या ग्रीनॉकमध्ये लोक दारात शिव्या देत येतात. मी आपली दारातून हात हलवते सगळ्यांना.

दुपारी दारावर काठीचे दोन ठोके पडले आणि बाहेरून आवाज आला, "किटली ठेवलीस का गं, पोरी?" एकसष्टीच्या बाईला पोरी म्हणणारा कोण म्हणून दार उघडलं, तर मरडो मॅकास्किल. वय शहाऐंशी. चाळीस वर्षं याच चर्चची घंटा वाजवली आणि याच कबरस्तानात कबरी खणल्या. पाठ खणून वाकली की वयानं, ते त्यांनाच ठाऊक. फाटकापलीकडच्या पांढऱ्या घरात एकटे राहतात. मुलगी इना कॅनडात.

म्हणाले, इथलं शेवटचं मयत त्यांच्या बायकोचं, कर्स्टीचं. अकरा वर्षं झाली. त्याच वर्षी चर्च बंद पडलं, कबरस्तानही. आता गावातली माणसं मैलभर पलीकडच्या नव्या जागेत जातात. फक्त कर्स्टीशेजारची एक जागा मरडोंनी पूर्वीच नावावर करून ठेवलीय, तेवढी काउन्सिल देणार. सूप तीन वाट्या प्याले. मीठ कमी आहे म्हणाले. मी तीस वर्षं मीठ बरोबर टाकत आलेय.

३० सप्टेंबर

मरडो रोज दिवस कलला की फाटकाशी येतात, आतल्या बाजूच्या दगडावर बसतात आणि तासभर एकटेच बोलत राहतात. म्हातारपणी चालायचंच. मग दोन ठोके, किटली, सूप. खरं सांगायचं तर मी त्यांची वाट बघते.

फाटकापाशी एक गंमत आहे. गवतात पावलांएवढ्या दोन जागा उघड्या पडल्यात, जवळजवळ, बाईच्या पावलांच्या मापाच्या. मी तिथे गवताचं बी टाकलं. मरडो हसले. म्हणाले, उगवणार नाही, बी फुकट घालवू नकोस.

१९ ऑक्टोबर

आज टॉर्मोदला जाऊन दोन वर्षं झाली.

त्याला खाडीत सोडायचं होतं. डबा घेऊन खाली धक्क्यापर्यंत गेलेसुद्धा. पाणी काळं होतं, वारा अंगावर येत होता, आणि मला जमलं नाही. एवढी वर्षं तो रात्री बाहेर आणि मी घरात. आता तरी माझ्या खिडकीतून दिसेल असा असू दे, असं वाटलं. परत आले आणि फाटकाजवळच्या रोवनच्या झाडाखाली खड्डा खणला. लाल फळांनी झाड लगडलंय. डबा दिसायला अगदीच कळाहीन, म्हणून राख मोकळीच ओतली आणि माती सारखी केली. काउन्सिलला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही.

एकतीस वर्षांच्या संसारात त्याचं एवढं एकच ऐकलं नाही मी. रागावू नकोस रे.

२० ऑक्टोबर

मरडो आज भर दुपारी आले. ठोके नाहीत, किटली नाही. दार ढकलून आत आले आणि विचारलं, काल तू जमिनीत काय घातलंस?

मी सांगितलं. ते व्यासपीठाच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. मग सगळं बोलले. बोलले ते तसंच लिहून ठेवते.

शेवटी पुरलेल्या माणसानं कबरस्तानाचा पहारा करायचा, असा इथला रिवाज. फाटकावर उभं राहायचं, रस्त्याकडे तोंड करून, पुढचं माणूस जमिनीत जाईपर्यंत. गावात माणसं मरत होती तोवर ठीक होतं. कुणाला पंधरा दिवस, कुणाला महिना. एकाच दिवशी दोन मयतं निघाली की आपलं माणूस आधी आत जावं म्हणून खांदेकरी पेट्या घेऊन धावत सुटायचे, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. मग कबरस्तान बंद झालं आणि कर्स्टी अडकली. अकरा वर्षं पावसात उभी. लोक टोपी काढत होते ती तिच्यासाठी. मरडो रोज तिच्याशेजारी बसत होते. ती तुम्हाला दिसायची का, असं मी विचारलं. म्हणाले, आपलं माणूस आपल्याला दिसतं, दुसऱ्याचं नाही.

काल संध्याकाळी ते आले तर जागा रिकामी.

डोळे पुसत म्हणाले, "तिला सोडवलंस, तुझं भलं होवो. पण नवऱ्याला पुन्हा रात्रपाळी लावलीस गं, पोरी."

मी त्यांना दार दाखवलं. असले विनोद मला चालत नाहीत.

२३ ऑक्टोबर

खोकला ऐकू आला. फाटकाकडून. आधी कोरडा, मग खोल, मग शेवटी ती शीळ. हा खोकला मी चार वर्षं शेजारच्या उशीवर ऐकलाय. दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

गेले तर कुणी नव्हतं. पण उघड्या दोन जागा मोठ्या झाल्यात. बुटांच्या मापाच्या.

१ नोव्हेंबर

दिसला.

चार वाजता, उजेड होता अजून. कारखान्यातला तपकिरी कोट, माझ्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. डावा पाय तीनदा आपटला. थंडीत त्याचा डावा पाय बधिर व्हायचा. दोन वर्षांनी नवरा दिसला आणि मी रडले नाही, धावत जाऊन त्याच्यावर ओरडले. मफलर कुठाय तुझा, म्हणून.

तो वळला नाही. वळत नाहीत म्हणे, पहाऱ्यावर असताना. पुढे जाऊन तोंड बघायचा प्रयत्न केला तर तिथे नुसता रस्ता. मागे आले की पुन्हा पाठ. चहाचा कप फाटकाच्या खांबावर ठेवून आले. आनंद झाला, हे कबूल करते. चार दिवस रोज चहा नेईन, गप्पा मारीन, असं मनात आलं. मग तो खोकायला लागला आणि थांबेचना.

२ नोव्हेंबर

कप तसाच. वर बर्फाचा पापुद्रा.

९ नोव्हेंबर

निस्तरायचं ठरवलं. रोवनखालची माती बादलीत भरली. पण तीन आठवडे पाऊस आणि राख मोकळी ओतलेली, माती कुठली आणि तो कुठला ते कळेना. तरी चार बादल्या खाडीत नेऊन ओतल्या. कमरेचा काटा ढिला झाला. त्याची माफी मागितली.

संध्याकाळी तो फाटकावरच होता. कमरेपर्यंत ओला. कोटातून पाणी ठिबकत होतं आणि खोकला वाढलेला.

म्हणजे मी त्याला गार पाण्यात बुडवून पुन्हा उभा केला.

१८ नोव्हेंबर

मरडोंशी समेट केला. मटणाचं सूप आणि ओटच्या भाकऱ्या घेऊन मीच गेले. सुटका कशी होते, ते विचारलं. म्हणाले, तुला ठाऊक आहे ते. पुढचं मयत. आणि इथे जागा आता एकच उरलीय.

मग माझ्याकडे बघून मिस्कील हसले. "रांगेत मी आहे. घाई नको करूस."

मीही हसले. हसता हसता माझी नजर त्यांच्या सुजलेल्या घोट्यांवर गेली. तिथेच राहिली.

२९ नोव्हेंबर

मरडोंना सर्दी झाली, छातीत घरघरतंय. डॉक्टरांना फोन करते, असं मी म्हटलं आणि केला दुसऱ्या दिवशी. विसरले, असं सांगितलं. विसरले नव्हते. फोन समोर होता.

औषध सुरू झालं, बरे झाले. मला बरं वाटलं आणि वाटलंही नाही. लाज वाटते लिहायला.

दुसरीकडे तो, रोज चार वाजता. पाय आपटतो. खोकतो. सकाळीही असतो, फक्त भर उजेडात नीट दिसत नाही. जन्मभर झोपेला आसुसलेला माणूस.

६ डिसेंबर

आज मरडो सूप न पिता बसून राहिले. मग म्हणाले, मला भीती वाटते. कर्स्टी होती तोवर इथे पुरून घ्यायची घाई होती, तिला सोडवायचं होतं म्हणून. आता ती गेली. मी गेलो तर तुझ्या नवऱ्याची सुटका होईल, खरं आहे, पण माझ्यामागून इथे कोण येणार? जग बुडेपर्यंत मीच उभा. "मी लोकांना खाली उतरवलं गं चाळीस वर्षं. मला माहीत आहे किती थंड असतं ते."

त्यांनी ठरवलंय, इनाकडे कॅनडात जायचं. मेलो तर तिकडेच, जाळलं तरी चालेल. फोन त्यांना ऐकू येत नाही, हात थरथरतो, म्हणून पत्र मी लिहून द्यावं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. इना, मला घेऊन जा, तिकीट काढ, दोन जानेवारीनंतरचं. नंतरचं का, विचारलं. म्हणाले, नव्या वर्षाचं पहिलं पाऊल तुझ्या उंबऱ्यात मी टाकणार आहे, कोळशाचा तुकडा घेऊन. नव्या घराला शकुन नको का. एकदा कबूल केलं की मी येतोच.

माझा हात दाबून म्हणाले, "रागावू नकोस, पोरी. मी भित्रा आहे."

पत्र उद्या टाकते, म्हटलं.

८ डिसेंबर

पत्र टेबलाच्या खणात आहे.

११ डिसेंबर

दारावर दोन ठोके. आज किटलीचं विचारलं नाही. "पत्र टाकलंस का गं?"

टाकलं म्हटलं. नाताळच्या दिवसांत टपाल मंद असतं, म्हटलं.

खोकला दिवसभर.

१४ डिसेंबर

"पत्र टाकलंस का गं?" रोज तेच. इतक्या मायेनं विचारतात. मी सूप वाढते. मीठ बरोबर आहे म्हणतात आता.

टॉर्मोदच्या खांद्यावर बर्फ साठलंय. तो झटकत नाही.

१७ डिसेंबर

तीन चाळीस. रात्री पाऊस पडून गोठला, वाटेवर काच पसरल्यासारखा बर्फ. रोज सकाळी बर्फ वितळायला मी मीठ टाकते. आज टाकलं नाही. पोतं दारामागेच आहे.

ते पडले. काठी घरंगळल्याचा आवाज आला, मग ते. माझं नाव घेताहेत. इशबेल म्हणताहेत, पोरी नाही.

जाते. ही ओळ संपली की जाते.

फाटकाशी टॉर्मोद. त्याचा खोकला थांबलाय. पहिल्यांदाच थांबलाय. दम धरून ऐकतोय असं —

किटली उकळतेय. उतरवते आणि जाते.

चार वाजून पाच. अजून हाक येते. बारीक.

चार वीस. मी कोट घातलाय. कोट घालून बसलेय.

चार पन्नास

१८ डिसेंबर

सकाळी पोस्टमनला सापडले. डॉक्टर म्हणाले, तासाभरात कुणी पोचलं असतं तर. मी म्हटलं रेडिओ लावला होता. मान डोलावली त्यांनी. सगळ्यांनीच डोलावली. मला चहा करून दिला.

२२ डिसेंबर

पुरलं. कर्स्टीशेजारी. दोरी मीही धरली, खाली सोडताना. माणसं कमी होती म्हणून.

इना आली होती. बापासारखेच डोळे. म्हणाली, एक शब्द कळवला असता तर मी धावत आले असते न्यायला. दरवर्षी मी विचारायचे, आईला सोडून येत नाही म्हणायचे ते. तुम्ही त्यांना रोज जेवू घातलंत, उपकार झाले. मला मिठी मारली तिनं.

पत्र खणात.

माती पडली आणि टॉर्मोदनं खांद्यावरचं बर्फ झटकलं. डब्याची पिशवी उचलली, कामावरून सुटताना उचलायचा तशी. मग वळला. दीड महिना ज्या तोंडाची वाट बघितली ते दिसलं. मला वाटलं होतं हसेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. रस्त्यात कुणी अनोळखी बाई भेटली तर बघावं तसं. आणि गेला. खाडीच्या बाजूला.

झोपला असेल आता. मी हेच मागितलं होतं.

२४ डिसेंबर

खोकला नाही. कसलाच आवाज नाही. एवढी शांतता कधी नव्हती. माझ्याशी बोलायलाही कुणी येत नाही.

फाटकावर कुणी दिसत नाही. दिसणार नाहीच. आपलं माणूस आपल्याला दिसतं. मरडो माझे कुणी नव्हते. चांगलं आहे ते.

बर्फात दोन उघड्या जागा आणि शेजारी तिसरी, गोल. काठीची.

२७ डिसेंबर

दिसले.

नाही. एकदाच बघितलं, मग पडदा ओढला. पण —

पाठ रस्त्याकडे. तोंड इकडे. पहारेकरी रस्त्याकडे बघतो, असंच सांगितलं होतं त्यांनी. हे माझ्या दाराकडे बघतात.

२८ डिसेंबर

बहिणीला फोन केला. ये म्हणाली. बस दोन तारखेपर्यंत नाहीत. चालत जाईन, तर वाट एकच, फाटकातून.

पत्र जाळलं. चुलीत. कागद पूर्ण जळेपर्यंत बघत बसले.

२९ डिसेंबर

रोवनपाशी आलेत. फाटक सोडून. कुणी सोडत नाही फाटक.

बर्फात पावलं नाहीत, नुसती भोकं. काठीची. एक एक.

३० डिसेंबर

कर्स्टीच्या दगडापाशी. निम्मी वाट.

मी मोठ्यानं सांगितलं, चुकलं. खिडकीतून सांगितलं. मी भ्याले होते. तुम्ही भ्यालात तशीच.

काठी टेकली. एकदा.

३१ डिसेंबर

वाटेवर मीठ टाकलं. सगळं पोतं. दारापासून जिथवर हात पोचला तिथवर. कशासाठी टाकलं कळत नाही. पडू नयेत म्हणून टाकलं बहुतेक.

पायरीशी

१ जानेवारी

दिवसभर कुणी आलं नाही. गावात लोक एकमेकांकडे जाताहेत, हसणं ऐकू येतं. माझ्याकडे नव्या वर्षाचं पहिलं पाऊल अजून पडलं नाही. पोस्टमन फाटकापर्यंत आला, टोपी काढली, दाराकडे बघितलं आणि तसाच मागे फिरला.

तीन वाजता फटीतून बघितलं. उंबऱ्यावर कोळशाचा तुकडा.

आत घेतला नाही.

तीन चाळीस. अडसर लावलाय. टेबल लावलंय दाराला. किटली मी ठेवली नव्हती. चुलीवर आहे. उकळतेय.

खण उघडा आहे. त्यात पाकीट. माझ्याच अक्षरातलं. जाळलं होतं मी, बघत बसले होते —

दोन ठोके.

तोच आवाज, तसाच, मायेचा — पत्र टाकलंस का गं, पो